हांकेच्या पलीकडे

परभणीपासून समुद्र, कोणत्याहि वाटेनें गेलें तरी, शंभर-दीडशें कोसांच्या आंत सांपडत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतून गोदावरी वाहते, परंतु तीहि जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेकडचा लांबचा समुद्र गांठावयास निघालेली. अशा गांवीं बसून, शिडाच्या लहान नौकेंतून महासागरावर जाणाऱ्या माणसानें दूरवर संदेश धाडण्याचें कोणतें यंत्र बरोबर घ्यावें या प्रश्नाचा ऊहापोह करूं लागलों तर कोंकणांतील वाचक हंसतील, हें आम्ही जाणून आहों. त्यांनीं खुशाल हंसावें. मात्र एवढें ध्यानीं ठेवावें कीं, भारतीय माणसानें एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना ज्यांनीं वर्षानुवर्षें उराशीं बाळगली, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते तें फलटणजवळच्या विंचुर्णी या कोरड्या खेड्यांत. त्या कल्पनेंतून निघालेली ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटांची नौका गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली. तींतून दिलीप दोंदे यांनीं ऑगस्ट २००९ ते मे २०१० या अवधींत, वाटेंत चार बंदरीं थांबून, एकट्यानें प्रदक्षिणा पुरी केली. आणि १ नोव्हेंबर २०१२ रोजीं त्याच नौकेंतून मुंबईहून निघालेले अभिलाष टॉमी कोठेंहि न थांबतां पांच महिन्यांनीं मुंबईसच परत आले.

प्रश्न आमच्यापुढें आणला तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें. व्यापारी जहाजांवर त्यानें पंधरा-सोळा वर्षें नोकरी केली आहे, आणि आतां दोघां सोबत्यांसह चाळीस फुटी शिडाच्या नौकेंतून हिंदी महासागर ओलांडावा असें त्याच्या मनानें घेतलें आहे. यंत्रांची माहिती त्याला आमच्याहून अर्थातच शतपटीनें अधिक. त्याची अडचण निराळी होती. सेलूस राहणाऱ्या त्याच्या आईनें अट घातली कीं, रोज सायंकाळीं आवाज कानीं पडला पाहिजे. आणि त्याचें म्हणणें, “सर, रोज घरींच बोलायचें असेल तर मग जायचें तरी कशाला?”

या दोघांमध्यें खरें कोणाचें, हें ठरविण्यास यंत्रांच्या किंमतींचा तक्ता उपयोगीं पडत नाहीं. यंत्र निवडणें म्हणजे आपल्यावर कोणाकोणाचा हक्क आहे, आणि आपला हक्क कोणावर, याचा निवाडा करणें होय. घरीं वाट पाहणारीं माणसें हा एक पक्ष. संकटसमयीं ज्यांना आपल्यासाठीं जीव धोक्यांत घालावा लागेल तीं अनोळखी माणसें हा दुसरा. आणि नौकेवरचा माणूस स्वतः, त्याच्या एकांताच्या ओढीसह, हा तिसरा. जोंपर्यंत यंत्रेंच नव्हतीं तोंपर्यंत हा निवाडा करण्याचा प्रसंगच येत नव्हता. जोशुआ स्लोकम १८९५ सालीं बॉस्टनहून ‘स्प्रे’ नांवाच्या नौकेंतून एकटा निघाला आणि १८९८ सालीं जगाला वळसा घालून परतला. मधल्या काळांत त्याचें पत्र येईल तेव्हांच वार्ता कळे. आपल्याकडे काशीयात्रेस निघालेल्याला वेशीपर्यंत पोंचवून लोक माघारे फिरत, ते तो परत येईलच असें गृहीत धरून नव्हे. त्या मौनाबद्दल ना स्लोकमला कोणी दोष दिला, ना यात्रेकरूला. परंतु साधन हातीं आलें कीं त्याचा उपयोग न करणें हेंहि एक कृत्यच होऊन बसतें. स्लोकमचें मौन आणि आजच्या नाविकाचें मौन ह्या दोन गोष्टी दिसावयास सारख्या असल्या तरी दुसरीला कारण द्यावें लागतें.

आतां यंत्रांकडे वळूं. बंदरांत व किनाऱ्यालगत बोलण्याचा जो व्हीएचएफ रेडिओ असतो, त्याच्या लहरी सरळ रेषेंत जातात. क्षितिजाआड गेलेल्याला त्या सहसा गांठत नाहींत. लहान नौकेवरून पंधरा-वीस मैल, समोर उंच डोलकाठीचें जहाज असेल तर आणखी कांहीं. ही नुसती मोठ्यानें मारलेली हांक होय. तिच्या पलीकडे जावयाचें तर जुना मार्ग लघुलहरींचा. त्याची युक्ति आमच्या पिढीला समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्यांनीं बालपणीं रेडिओ सिलोन ऐकला आहे त्यांना ठाऊक आहे कीं, तीन-चारशें कोसांवरचा आवाज खरखरीतून कसा वर येई, मध्येंच विहिरींत पडल्यासारखा खोल जाई आणि गाण्याचा अर्धा अंतरा संपल्यावर पुन्हां वर येई. वातावरणाच्या अतिउच्च थरांतील विद्युत्भारित पट्ट्यावर आदळून या लहरी पुन्हां खालीं येतात, आणि तो पट्टा सूर्याच्या तालावर चालतो. दिवसा अधिक कंप्रतेवर दूरचें ऐकूं येतें, रात्रीं कमी कंप्रतेवर. सूर्यावर वादळ झालें तर कांहींच नाहीं. नौकेवर या रेडिओला लांब तार लागते. ती बहुधा डोलकाठीला मागून ताणून धरणाऱ्या तारेचीच केलेली असते, म्हणजे डोलकाठी मोडली कीं वाचाहि गेली. शिवाय तो बॅटरीतील वीज अधाशासारखी पितो, आणि त्याच्याशीं बोलावयास शिकावें लागतें.

इतकें असूनहि आमचा कल या जुन्या यंत्राकडे झुकतो, आणि त्याचें कारण यंत्रशास्त्रांतलें नाहीं. लघुलहरींवर बोललेलें सर्वांना ऐकूं येतें. ती दवंडी आहे. उपग्रहाचा फोन हें बंद पाकिटांतलें पत्र आहे. महासागरावर विखुरलेल्या नौका ठरल्या वेळीं एका कंप्रतेवर जमतात, आपापलें स्थान व हवामान सांगतात, आणि जो बोलत नाहीं त्याची विचारपूस करतात. पारावर बसलेल्या मंडळींना आज अमका दिसला नाहीं हें जसें न सांगतां समजतें, तसेंच हें. अशा पाराला मात्र ऐकणारा लागतो. १९१२ सालच्या एप्रिलमध्यें ‘टायटॅनिक’ बुडत असतां ‘कॅलिफोर्नियन’ नांवाचें जहाज कांहीं मैलांवर उभें होतें. परंतु त्यावरील एकुलता एक तारवाला दिवसभराचें काम संपवून निजला होता. हांक मारण्याचें यंत्र दोन्हीं जहाजांवर होतें, जागा कान एकावरहि नव्हता असें म्हणण्यापेक्षां, जेथें हवा तेथें नव्हता. त्या अपघातानंतर अहोरात्र कान देण्याचें बंधन आलें. पुढें १ फेब्रुवारी १९९९ पासून संकटसंदेशाची नवी जागतिक व्यवस्था पूर्णपणें अंमलांत येऊन मोर्सच्या टिंबरेघांवर माणूस बसविण्याचें बंधन मोठ्या जहाजांवरून उठलें. आतां यंत्र ऐकतें आणि घंटा वाजवितें. यांत सुरक्षितता वाढली हें निर्विवाद आहे. पाराची मंडळी पांगली हेंहि तितकेंच खरें.

उपग्रहाच्या साधनांविषयीं फार लिहावयास नको, कारण तीं सोपीं आहेत आणि सोपेपणा हाच त्यांचा गुण. इन्मारसॅटचे मोजके उपग्रह विषुववृत्तावर सुमारें छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर एकाच जागीं टांगल्यासारखे असतात; ध्रुवप्रदेश त्यांच्या दृष्टीआड राहतात. इरिडियमचे सहासष्ट उपग्रह पावणेआठशें-आठशें किलोमीटरवरून ध्रुवांवरून फेऱ्या घालीत असल्यामुळें पृथ्वीचा एकहि कोपरा त्यांना अगोचर नाहीं. अलीकडे तर खालच्या कक्षेंत हजारों उपग्रह फिरूं लागले असून, जेवणाच्या ताटाएवढी चकती नौकेवर बसविली कीं भर समुद्रांत चित्रपट पाहतां येतो. म्हणजे ज्यापासून दूर जावयाचें तें सर्व बरोबर घेऊन जातां येतें. आमचा विद्यार्थी ज्याला भितो तें हेंच, आणि त्याची भीति खोटी नाहीं. आमच्या नौदलाच्या दोघी अधिकारी, दिल्ना आणि रूपा, २०२४-२५ मध्यें ‘तारिणी’ नौकेंतून प्रदक्षिणा करीत असतां २०२५ च्या जानेवारींत पॅसिफिकमधील नेमो बिंदूवरून गेल्या. तेथून सर्वांत जवळची जमीनहि अडीच हजारांहून अधिक किलोमीटर दूर; कित्येकदां सर्वांत जवळचीं माणसें म्हणजे वरून जाणाऱ्या अंतराळस्थानकांतलीं. अशा जागीं पोंचलेल्याच्या खिशांत घरच्या भाजीचे भाव विचारणारा संदेश वाजला तर तो त्या जागीं पोंचला असें म्हणावें काय?

तथापि एकांताचा पक्ष मांडणारांनीं १९६८ सालच्या शर्यतीचा वृत्तांत एकदां तरी वाचावा. लंडनच्या एका वृत्तपत्रानें एकट्यानें व न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करणारासाठीं बक्षीस लावलें. नऊ जण निघाले, एकच परतला. त्या परतलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याचा रेडिओ वाटेंत बिघडला होता, आणि न्यूझीलंडचा किनारा सोडल्यापासून चार महिन्यांहून अधिक काळ तो जिवंत आहे कीं नाहीं हें जगाला ठाऊक नव्हतें. फ्रेंच नाविक बर्नार मॉयतेसिए यानें तर संदेश धाडण्याचा रेडिओ घ्यावयासच नकार दिला. जवळून जहाज गेलें कीं गलोलीनें फिल्मच्या डबींतून चिठ्ठी फेकावी हा त्याचा टपालखाता. जिंकण्याची शक्यता हातीं असतां मार्च १९६९ मध्यें त्यानें अशाच एका चिठ्ठीनें शर्यत सोडल्याचें कळविलें व तो ताहितीकडे निघून गेला. त्याची पत्नी फ्रान्समध्यें वाट पाहत होती. ही गोष्ट सांगतांना त्याचे भक्त गलोलीचें कौतुक करतात आणि पत्नीपाशीं येतांच पान उलटतात, असा आमचा अनुभव आहे.

आणि तिसरा डोनल्ड क्रोहर्स्ट. याच्यापाशीं रेडिओ होता, विद्युत्-यंत्रांचा तर तो जाणकारच होता. नौका गळूं लागली. दक्षिण महासागरांत जाणें म्हणजे मृत्यु, परत फिरणें म्हणजे दिवाळें. तो अटलांटिकमध्येंच घोटाळत राहिला आणि रेडिओवरून खोटीं स्थानें कळवीत राहिला. कित्येक आठवडे तो मुद्दाम मुका झाला, कीं लबाडी उघडकीस येऊं नये. हा आपल्या पाठीशीं येऊन ठेपला आहे असें समजून पुढच्या टेटलीनें आपली जर्जर झालेली नौका बेफाम हांकली, व मे १९६९ मध्यें ती त्याच्या पायांखालीं बुडाली; टेटली त्या वेळीं वांचला. १० जुलै रोजीं क्रोहर्स्टची नौका निर्मनुष्य सांपडली. तिच्यावर त्याच्या नोंदवह्या होत्या; तो नव्हता. तिघांपैकीं ज्याचें यंत्र शाबूत होतें त्याच्याच तोंडून असत्य आलें. यंत्र आवाज पोंचवितें. आंतलें माणूस कसें आहे तें त्या आवाजाबरोबर पोंचतेंच असें नाहीं. रोज सायंकाळीं “मी बरा आहें” हें ऐकणाऱ्या आईला मुलगा बराच आहे असें कळत नाहीं. तो तसें म्हणतो एवढेंच कळतें.

येथें एकांतवादी म्हणेल: मग तर मॉयतेसिएच खरा, त्यानें कोणाला फसविलें नाहीं, कोणाकडे मदत मागितली नाहीं, आपला जीव आपल्या हिंमतीवर टाकला. हा युक्तिवाद ऐकावयास मर्दानी आहे, परंतु त्यांत एक भोंक आहे. समुद्रावरचें मौन हें कोणाची खासगी मालमत्ता नसतें. नाविक गप्प राहिला म्हणून किनाऱ्यावरचीं माणसें त्याला विसरत नाहींत. उलट अधिकच शोधतात, आणि कोठें शोधावें हें न कळल्यामुळें दहापट मोठ्या क्षेत्रांत शोधतात. “मला शोधूं नका” असें लिहून दिलेल्या कागदाला कोणत्याहि सुसंस्कृत देशाचें तटरक्षकदल मान देणार नाहीं, देऊंहि नये. जो मदत मागण्याचें साधन घेत नाहीं तो मदतीचा भार कमी करीत नाहीं, तो वाढवितो.

म्हणून आमचें पहिलें मत असें कीं, संकटसूचक यंत्राला निवडीच्या कक्षेंतच ठेवूं नये. मनगटाएवढ्या जाडीचें हें यंत्र पाण्यांत पडलें किंवा कळ दाबली कीं ४०६ मेगाहर्ट्झवर आपली ओळख उपग्रहाला सांगूं लागतें. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका व सोव्हिएत रशिया या चौघांनीं १९७९ सालीं, शीतयुद्ध चालूं असतां, ही व्यवस्था मिळून उभी करण्याचें ठरविलें, आणि १९८२ च्या सप्टेंबरांत तिनें पहिले जीव वांचविले. एकमेकांवर अण्वस्त्रें रोखून बसलेल्या राष्ट्रांना बुडत्या अनोळखी माणसाविषयीं एकमत करतां आलें, हें विसाव्या शतकाच्या जमाखर्चांत जमेच्या बाजूस लिहावयास हवें. भारतहि या व्यवस्थेंत आहे. इस्रोचें बंगळूर येथील केंद्र हे संकेत घेऊन तटरक्षकदलाकडे धाडतें.

परंतु हें यंत्र म्हणजे हुंडी आहे हें घेणारानें समजून असावें. ती ज्याच्यावर काढलेली असते त्याचें नांव तिच्यावर नसतें; जो जवळ असेल त्यानें ती वटवावयाची. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतींत अभिलाष टॉमी पुन्हां निघाले, तेव्हां ती शर्यत पन्नास वर्षांपूर्वींच्या साधनांनीं चालवावयाची असा नियम होता. नाविकानें सूर्य-तारे पाहून मार्ग काढावा. उपग्रहाचीं साधनें होतीं तीं केवळ आयोजकांशीं बोलण्यासाठीं व संकटासाठीं. २१ सप्टेंबर रोजीं दक्षिण हिंदी महासागरांतील वादळानें त्यांची ‘तुरिया’ उलथी केली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीस इतकी इजा झाली कीं उठवेना. दुसरा उपग्रह-फोन संकटाच्या पिशवींत होता, पण पिशवीपर्यंत पोंचतां येईना. उपयोगीं पडलें तें हाताशीं असलेलें, मोजक्या अक्षरांचा मजकूर धाडणारें लहानसें यंत्र. नौदलाचें विमान मॉरिशसहून उडालें व त्यानें नौका हुडकली. ग्रेगर मगकिन हा आयरिश स्पर्धक स्वतःची डोलकाठी मोडलेली असतां त्यांच्याकडे येऊं लागला. आणि २४ सप्टेंबर रोजीं ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजानें त्यांना उचललें. २०२२ च्या नोव्हेंबरांत याच शर्यतीच्या पुढल्या खेपेस फिनलंडचा टापिओ लेहटिनेन याची नौका बुडाली, तेव्हां हुंडी वटविली ती कर्स्टन नॉयशेफर या स्पर्धक स्त्रीनें. रात्रभर नौका हांकून तिनें त्याला तराफ्यावरून उचललें, मालवाहू जहाजावर पोंचविलें आणि पुढें शर्यतहि जिंकली. दुसरे आले ते टॉमी. जो अशी हुंडी खिशांत घालून निघतो त्यानें दुसऱ्याची हुंडी आपल्यावर आली तर वाट वांकडी करण्याची तयारीहि ठेवावी. म्हणून केवळ हांक मारणारें नव्हे, तर ऐकणारें यंत्रहि नौकेवर असलें पाहिजे. लघुलहरींच्या रेडिओकडे आमचा कल आहे तो यामुळेंहि.

राहिली सेलूची मातुःश्री. तिची मागणी आवाजाची आहे, परंतु तिची गरज आवाजाचीच आहे काय? गंगाखेड-पाथरीकडून ऊंसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांत, फोनच्या मिनिटामिनिटाला पैसे पडत त्या दिवसांत, मिस्ड कॉलची रीत होती. ठरल्या वेळीं घंटा वाजली कीं समजावें, सर्व ठीक आहे. उचलावयाचें नाहीं, पैसाहि जावयाचा नाहीं. लहानशा उपग्रह-यंत्रानें नौकेचें स्थान दर कांहीं तासांनीं घरच्या नकाशावर ठिपक्यासारखें उमटवितां येतें. हा महासागरावरचा मिस्ड कॉलच होय. त्यांत खोटें बोलावयास जागा थोडी, आणि एकांतावर आक्रमणहि थोडें. मात्र आमच्या मतें यंत्राहून महत्त्वाचा आहे तो निघण्यापूर्वीं घरीं बसून करावयाचा करार: ठिपका थांबला तर किती दिवस बिघाड समजावा, कितव्या दिवशीं कोणाला कळवावें. हा आंकडा आईनें आणि मुलानें समोरासमोर ठरवावा. तो ठरवितांना त्याला प्रथमच उमगेल कीं आपण काय करावयास निघालों आहों, आणि तिलाहि.

निवडींत सरकारहि एक पक्षकार आहे हें येथें सांगावयास हवें. आपल्या देशांत परवानगीवांचून उपग्रह-फोन बाळगणें गुन्हा आहे. परदेशी प्रवासीहि या कारणास्तव विमानतळांवर अडकलेले आहेत. कित्येक नाविकांना हा जुलूम वाटतो. परंतु नोव्हेंबर २००८ मध्यें मुंबईवर चालून आलेल्यांनीं बळकावलेल्या ‘कुबेर’ या मच्छीमार नौकेवर थुराया कंपनीचा उपग्रह-फोन सांपडला होता, आणि त्या नौकेच्या तांडेलाचा गळा कापलेला होता. जें यंत्र टॉमींसाठीं जीवनदोरी तेंच तेथें शस्त्र होतें. परवानगीची वाट किचकट आहे आणि ती सोपी व्हावी हें खरें. ती मुळींच नसावी असें म्हणणाऱ्याच्या हातीं मुंबईच्या किनाऱ्याची राखण आम्ही देणार नाहीं.

शेवटीं, ज्यांना निवडच नसते त्यांचा उल्लेख केल्यावांचून हा विषय सोडवत नाहीं. हौसेनें समुद्रावर जाणारा यंत्रें निवडतो. पोटासाठीं जाणारा मिळेल तें घेतो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ‘ओखी’ चक्रीवादळ उठलें तेव्हां केरळ-तामिळनाडूचे मच्छीमार कित्येक दिवसांपूर्वींच खोल समुद्रांत गेलेले होते. मोबाइल व व्हीएचएफ यांच्या टप्प्यापलीकडे असलेल्यांना इशारा पोंचविण्याचा मार्गच नव्हता. पुष्कळ बुडाले; कित्येक होड्या वाऱ्याबरोबर वर ढकलल्या जाऊन सिंधुदुर्गांत देवगड बंदरीं आश्रयास आल्या. संकटाचा संकेत धाडणारें इस्रोचें यंत्र २०१० पासून मच्छीमारांच्या होड्यांवर देण्यांत येत आहे. परंतु त्यांतून हांक केवळ बाहेर जाई. कळ दाबणाऱ्याला ती पोंचली कीं हवेंत विरली हें समजण्याची सोय नव्हती, आणि अंधारांत पाणी उपसणाऱ्याचे हात किती वेळ चालतात हें पुष्कळ अंशीं त्यावरच अवलंबून असतें. २०२४ च्या आरंभीं या यंत्राची दुसरी आवृत्ति आली. तींत किनाऱ्याकडून पोंच येते, वादळाची सूचनाहि येते. ‘ओखी’च्या रात्रीं तें कोणत्याच होडीवर नव्हतें.